खड्डा सरकारचा, चाक आपले

रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल कुणी बोलायला लागले की आपल्या चळवळीतले काही कार्यकर्ते नाक मुरडतात. मागे तालुक्याच्या एका बैठकीत हेच झाले. विषय निघताच एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हे गाडीवाल्यांचे दुखणे आहे. आपल्याकडे अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, शिष्यवृत्ती अडकली आहे, वसतिगृहांचे हाल आहेत. कुणाच्या गाडीची रिम वाकली तर त्यात आपण काय करायचे?" मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर दिले, पण हा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी 'गाडीवाला' कोण ते ठरवू. सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गॉगल लावून पांढऱ्या मोटारीत बसलेला पुढारी असावा. उदगीरच्या रस्त्यावर सकाळी सात वाजता उभे राहून बघा. बसस्थानकाकडे जाणारे रिक्षावाले, जळकोट, देगलूर, नळेगावच्या बाजूला माणसे भरून निघालेल्या जीपा, मोंढ्यात तूर-सोयाबीनची पोती वाहणारे छोटे टेम्पो, दुचाकीवर दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून कपडे विकायला निघालेला तरुण. यांतले बहुतेक जण कालपरवापर्यंत सालगड्याची, हमालाची, रोजंदारीची मुले होती. गावकीची कामे सोडा, शहराकडे चला असे बाबासाहेबांनी सांगितले. त्या वाटेवर आपल्या कितीतरी पोरांच्या हाती पहिल्यांदा जे स्वतःच्या मालकीचे साधन आले ते म्हणजे चाक. कुणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या दारात चपला झिजवून कर्ज घेतले, बाकीच्यांनी खासगी फायनान्सचे. हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातो. चाक फिरले तर हप्ता, नाही फिरले तर दंड, आणि तिसऱ्या महिन्यात वसुलीची पोरे दारात.

हा 'गाडीवाला' खड्ड्यात गेला तर काय होते ते जरा तपशिलात पाहू. तपशील कंटाळवाणे असतात, पण गरिबाची लूट तपशिलातच होते.

वेगातले चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा टायर क्षणभर चेपून रिमला भिडते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्या मध्ये टायरची बाजू कात्रीत सापडल्यासारखी होते आणि आतले धागे तुटतात. वरचे रबर शाबूत दिसते, पण एकदोन दिवसांत बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेले टायर दुरुस्त होत नाही, ते बदलावेच लागते. तसेच चालवले तर ते रस्त्यात कधी फुटेल याचा भरवसा नाही. लोखंडी रिम वाकली तर ठोकून बऱ्यापैकी सरळ करून मिळते. अलॉयची मात्र तडकते. तडकलेली जोडून देणारे भेटतात, पण त्यावर जीव टांगू नये. मग अलाइनमेंट बिघडते, गाडी एका बाजूला ओढू लागते आणि उरलेली चांगली टायरेही एका कडेने झिजतात. म्हणजे खड्डा एकदा मारतो आणि पुढचे सहा महिने मारत राहतो.

रिक्षाची गोष्ट तर आणखी वेगळी. चारचाकीवाला लहान खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जाऊ शकतो. रिक्षाचे पुढचे चाक मधोमध असते. खड्डा मधे घ्यायला जावे तर पुढचे चाक नेमके त्यातच जाते, बाजूने काढावा तर मागचे एक चाक सापडते. तीन चाकांच्या तीन वेगळ्या वाटा, त्यामुळे खड्डा चुकवणे त्याच्या नशिबात कमीच. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, ती वेगळीच. आमच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्याने गेल्या पावसाळ्यात दोन टायरे आणि पुढचा शॉकअप बदलला. त्यात त्याचे तीन दिवस घरी गेले. त्या तीन दिवसांची कमाई कोणत्याही बिलावर येत नाही.

"विमा असतो ना!" हे पुढचे वाक्य ठरलेले. विम्याचे गणित एकदा नीट मांडू या, कारण एजंट ते मांडत नाही. कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्ष विमा. तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर कामाचा. तुमच्या स्वतःच्या चाकासाठी त्यातून एक रुपया मिळत नाही. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर बहुधा एवढाच विमा असतो. ज्याने स्वतःच्या नुकसानीचाही विमा काढला आहे त्याच्या पॉलिसीत एक कलम असते: केवळ टायर-ट्यूब खराब झाली तर भरपाई नाही, त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या जास्तीत जास्त ५० टक्के. मालवाहू टेम्पोच्या पॉलिसीत तर वेगळा जादा हप्ता भरल्याशिवाय टायर-ट्यूब धरतच नाहीत.

समजा, एका छोट्या मोटारीचे ४,००० रुपयांचे टायर गेले आणि सोबत गाडीलाही थोडा मार बसला. टायरचे २,००० मंजूर झाले. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट १,००० रुपये. टायरपोटी हातात आले १,०००. आता हा दावा केल्यामुळे 'नो क्लेम बोनस' गेला. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० असेल आणि बोनस ३५ टक्क्यांवर पोचला असेल, तर पुढच्या वर्षी २,१०० रुपये जास्त भरायचे. हजार घेतले, एकवीसशे दिले. त्यामुळे शहाणा माणूस दावाच करत नाही, आणि खड्ड्याने झालेले हे नुकसान कुठल्याही नोंदीत येत नाही. टायर आणि रिमसाठी वेगळे संरक्षण मिळते, पण ते मुख्यतः नव्या मोटारींना आणि वेगळ्या पैशाने. तिसऱ्या हाताने घेतलेल्या रिक्षाला ते कोण देणार?

मग कायदा काय म्हणतो? इथे एक बातमी नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती अर्धवट फिरली. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने निकाल दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. ही रक्कम ठरवायला समिती; नगरपरिषदेच्या हद्दीत त्या समितीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दिलेला पैसा दोषी अधिकारी, अभियंता किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायचा. या प्रकरणाची सुरुवात २०१३ साली झाली होती, न्या. गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रातून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. म्हणजे मेलेल्या माणसाची किंमत ठरायला बारा वर्षे लागली.

निकाल चांगला आहे, मी त्याचे स्वागत करते. पण तो जिवाबद्दल आणि शरीराबद्दल आहे. चाकाबद्दल त्यात काही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ बघा. रस्त्याचे ठरलेले मानक न पाळणाऱ्या यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला दंड. कमाल एक लाख रुपये. आणि तोही मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. एकूण अर्थ असा होतो की तुम्ही मरा किंवा हातपाय मोडून घ्या, मग आम्ही विचार करू. तुमचे फक्त पोट मारले गेले असेल तर ते तुमचे तुम्ही बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसे मेली. हा मोजलेला आकडा. मोडलेली चाके, बुडालेले रोज, थकलेले हप्ते यांचा रकानाच त्या अहवालात नाही. समाजशास्त्रात आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती: राज्यसंस्था काय मोजते यापेक्षा काय मोजत नाही ते बघा, म्हणजे तिला कोण दिसत नाही ते कळते.

कुणी म्हणेल, चाकाची भरपाई सरकारने द्यायची म्हणजे अतीच झाले. अती काही नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी असाच नियम होता: रस्ता दुरुस्त न केल्याबद्दल रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेला जबाबदार धरता येत नसे. १९६१ च्या कायद्याने ते संरक्षण काढले गेले. आज १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे रस्ता सांभाळणे हे तिथल्या कौन्सिलचे कर्तव्य आहे आणि खड्ड्यात टायर फुटले, रिम वाकली तर नागरिक कौन्सिलकडे अर्ज करून पैसे मागतो. कौन्सिलला बचाव आहे. आम्ही ठरल्याप्रमाणे नियमित तपासणी करत होतो, वाजवी काळजी घेतली होती, असे तिने दाखवायचे. म्हणजे कागद दाखवण्याचा भार रस्तेवाल्यावर. आपल्या नगरपालिका कायद्याची, दंडसंहितेची, दिवाणी कायद्याची मुळे त्याच इंग्रजी मातीतली आहेत. त्यांनी साठ वर्षांपूर्वी टाकून दिलेला नियम आपण मात्र न लिहिता सांभाळून ठेवला आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात सार्वजनिक रस्ते बांधणे आणि सांभाळणे हे बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदले आहे. ऐच्छिक नव्हे, बंधनकारक. कर्तव्य आहे, पण चुकले तर चाकवाल्याला हक्काने मागायला सोपा रस्ता नाही, अशी ही व्यवस्था.

आता दोष कुणाचा या मुद्द्याकडे येते. खड्ड्यात पडलेल्या दुचाकीस्वाराबद्दल गावात पहिला प्रश्न काय विचारतात? "वेगात होता का? पिऊन होता का?" पोलिसांच्या कागदावरही चालकाचा निष्काळजीपणा आधी येतो. चालवणारा समोर असतो, पडलेला असतो, त्याचे नाव लिहायला सोपे. रस्त्याचे देयक मंजूर करणारा समोर नसतो.

यावर मला नेहमी २३ ऑक्टोबर १९२९ ची चाळीसगावची घटना आठवते. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात फिरत होते. चाळीसगावच्या लोकांनी आग्रह केला म्हणून ते तिथे थांबले. स्टेशनवरून महारवाड्याकडे टांग्यातून निघाले. नदीवरच्या अरुंद मोरीपाशी वळण घेताना घोडा उधळला, टांग्याचे चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. त्या मोरीवरून रोज टांगे जात-येत होते, मग आजच असे का झाले, हा प्रश्न त्यांना पडला. चौकशीत कळले की अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला कोणताच टांगेवाला तयार नव्हता. शेवटी एकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकणार नाही म्हणाला. पाहुण्याला पायी न्यायला नको म्हणून आपल्याच लोकांपैकी एक जण, ज्याला टांगा हाकायचा सराव नव्हता, लगाम धरून बसला.

पोलिसी पद्धतीने लिहायचे तर दोष त्या नवख्या हाकणाऱ्याचा. चाक त्याच्या हातून आदळले. बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. त्यांनी चाकापासून मागे मागे जात कारण शोधले आणि ते टांगेवाल्याच्या जातीच्या तोऱ्यापाशी जाऊन पोचले. आपल्या माणसांचे काय चुकले तेही त्यांनी स्पष्ट लिहिले. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाचा विचार राहिला, असे. अपघाताची चौकशी कशी करायची याचा हा धडा आहे, आणि तो आपल्याच घरात आहे. चाक का मोडले हे विचारताना गाडीच्या स्टिअरिंगपाशी थांबायचे नाही. डांबराच्या थरापर्यंत, मोजमाप पुस्तिकेपर्यंत, टक्केवारीपर्यंत जायचे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना आणखी एक आठवण. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या बरोबरीने 'रस्ते' हा शब्द आहे. राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः सांभाळलेल्या रस्त्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणावरही निर्बंध घालता येणार नाहीत. महाडचे तळे आपल्याला पाठ आहे. वायकोमचा १९२४-२५ चा सत्याग्रह मुळात मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठीच होता, हे आपण कमी सांगतो. रस्ता आपल्यासाठी कधीच नुसता डांबराचा पट्टा नव्हता. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेद राम शर्मा या खटल्यात डोंगराळ भागातल्या लोकांसाठी रस्ता मिळणे म्हणजे जगण्यापर्यंत पोचणे आहे, अशा अर्थाचा निर्णय देऊन तो अनुच्छेद २१ शी जोडला. ते प्रकरण न्यायालयात नेणारे कोण होते? डोंगरातले गरीब, बहुतांश दलित गावकरी. त्यांनी अर्धवट राहिलेल्या रस्त्याबद्दल उच्च न्यायालयाला साधे पत्र पाठवले होते. 'चांगल्या रस्त्याचा हक्क' हा आज शहरी मध्यमवर्गाचा शब्द वाटतो, त्याच्या मुळाशी आपल्यासारख्यांचे पत्र आहे.

म्हणूनच मला वर्तमानपत्रांतली आणि समाजमाध्यमांवरची ती दुसरी भाषा खटकते: "आम्ही कर भरतो, आम्हाला रस्ता द्या." ऐकायला बरोबर वाटते. सहा लाखांची पेट्रोल मोटार घेणारा महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ६६ हजार रुपये एकरकमी वाहन कर भरतो, हे खरे. पण रस्ता कराच्या पावतीवर मिळायचा असेल तर मोठी मोटारवाला रांगेत पहिला आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला चालणारी बाई शेवटची. शिवाय ती कर भरत नाही हेही खोटे. इंधनावर रस्त्यासाठी कर घेण्याची कल्पना १९२७ च्या जयकर समितीची (पुणे कराराच्या वाटाघाटीत भेटणारे तेच मुकुंदराव जयकर). १९२९ पासून पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे घेऊन केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आजही पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर आहे. जीपमध्ये बसून उदगीरला येणारी मजूर बाई तिकिटातून तो भरते, भाजीच्या दरातून भरते. पण तिचा रस्त्यावरचा हक्क तिने भरलेल्या पैशातून येत नाही. तो ती नागरिक आहे यातून येतो. आपण बोलताना ही भाषा सोडता कामा नये, नाहीतर मोटारवाल्यांच्या मोर्चात आपण फक्त गर्दी वाढवायला जाऊ.

हक्काची भाषा धरली की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: कोणता खड्डा आधी बुजतो? मोठे पाहुणे येणार असले की रस्ता एका रात्रीत कसा काळाभोर होतो हे कोणत्याही जिल्ह्यातल्या माणसाला विचारा. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण झाले. आपल्यासाठी अभिमानाचा दिवस होता. पण विहारात येणारा उपासक राष्ट्रपतींच्या ताफ्यातून येत नाही, तो शेअर रिक्षाने येतो. दुरुस्तीचा क्रम पाहुण्यांच्या वाटेने ठरायला नको. दवाखान्याच्या, शाळेच्या, मोंढ्याच्या, वस्तीच्या वाटेने ठरायला हवा.

वस्तीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. आपल्या वस्त्यांना रस्ते मिळत नाहीत असे म्हटले की लगेच दलित वस्ती सुधार योजनेकडे बोट दाखवतात. रस्ते होतात, हो. वस्तीच्या आत सिमेंटचा रस्ता होतो, चार वर्षांनी त्याच्यावरच दुसरा थर पडतो. जुना उकरत नाहीत, त्यामुळे दर वेळी रस्ता वर आणि घराचा उंबरठा खाली. पावसाचे पाणी नालीत जाण्याऐवजी घरात येते. आणि वस्तीपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा जोडरस्ता तसाच उखडलेला, कारण तो कोणत्या निधीत बसवायचा यावर कागद फिरत राहतात. रिक्षावाल्याचे टायर नेमके तिथे जाते. मग तो म्हणतो, तुमच्या वस्तीत यायला वीस रुपये जास्त. रुग्णवाहिकाही तिथेच हळू होते. जातीची हद्द आता पाटी लावून दाखवावी लागत नाही, खड्डे तेवढे काम करतात.

"मराठवाड्यातली माती काळी, पाऊस लहरी, काय करणार?" हे अधिकाऱ्यांचे आवडते उत्तर. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ता हलतो, हे खरे आहे. पण ही गोष्ट निजामाच्या काळापासून सगळ्यांना माहीत आहे. उदगीर बीदर जिल्ह्यात होते तेव्हाही माती हीच होती आणि १९५६ ला इकडे आले तेव्हाही हीच. माहीत असलेल्या मातीवर कमी जाडीचा पाया घालणे हा निसर्गाचा दोष नाही. डांबराचा खरा शत्रू पाणी. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच ठेवली, नाली बांधलीच नाही किंवा बांधून बुजू दिली, की पाणी रस्त्यावर थांबते, भेगेतून खाली जाते, खडी आणि डांबर सुटे होते, वरून उसाची ट्रॉली गेली की तुकडा निघतो. तो खड्डा. बुजवायची रीतही ठरलेली: कडा चौकोनी कापायच्या, आतला सुटा माल आणि पाणी काढायचे, डांबराचा हात द्यायचा, मिश्रण भरून दाबायचे. प्रत्यक्षात मुरमाची एक पाटी ओततात आणि फोटो काढतात. दोन सरी पडल्या की मुरूम वाहून जातो, देयक तेवढे राहते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेजारच्या मुखेडपासून सगळ्या मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानंतर 'अतिवृष्टी' हा शब्द अशा प्रत्येक मुरमासाठी वापरला जाईल, याची मला धास्ती आहे. पुरात वाहून गेलेला पूल वेगळा आणि दोष दायित्व कालावधीतच उखडलेला रस्ता वेगळा. हा कालावधी संपेपर्यंत दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते.

मग करायचे काय? आंदोलन, रास्ता रोको, खड्ड्यात झाड लावणे हे सगळे झाले आहे, पुढेही होईल. खड्ड्यात झाड लावण्याचा मला व्यक्तिशः कंटाळा आला आहे. फोटो येतो, दुसऱ्या दिवशी झाड शेळी खाते. त्यापेक्षा कागदाचे काम आपण कमी केले आहे.

माहिती अधिकार कायद्याचे कलम २(ञ) फक्त कागद मागण्यापुरते नाही. त्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर (दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाहीत) विचारा: या रस्त्याचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, कंत्राटदाराचे नाव, दोष दायित्व कालावधी कधी संपतो, गेल्या वर्षात खड्डे बुजवण्याची देयके किती निघाली. एकाच तुकड्यावर दोन देयके निघाली असतील तर ती इथे सापडतात.

दुसरे, चाक मोडले की त्याच दिवशी लेखी तक्रार. खड्ड्याचा फोटो असा काढा की शेजारची ओळखीची खूण दिसेल आणि खोली कळेल. आत चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवली तरी चालते. रस्ता नगरपरिषदेचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे शोधून त्या कार्यालयाला अर्ज द्या आणि पोच घ्या. टोलवाभरी होणारच; एका अर्जाच्या तीन प्रती काढून तिघांकडे द्या. पोचेचा उपयोग दुहेरी आहे. उद्या त्याच खड्ड्यात कुणी पडले, तर 'आम्हाला माहीत नव्हते' असे कुणाला म्हणता येणार नाही. आपल्या मोडलेल्या चाकाचा कागद दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाचा पुरावा होऊ शकतो.

तिसरे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपले बरेच बौद्ध बांधव 'आम्ही धर्मांतरित, आम्हाला कसे मिळेल' म्हणून जात नाहीत. १९९० च्या दुरुस्तीने तो प्रश्न मिटला आहे. भरपाईच्या समितीत याच प्राधिकरणाचे सचिव आहेत. त्यांच्याकडे आपण एकत्र मागणी न्यायची: मृत्यू आणि दुखापतीबरोबर उपजीविकेच्या वाहनाचे नुकसान आणि बुडालेला रोज यांचीही नोंद ठेवा. समितीला ते पैसे देण्याचा अधिकार आज नसेल, पण नोंद ठेवायला कुणी मनाई केलेली नाही. शंभर रिक्षावाल्यांची नोंद झाली की उच्च न्यायालयात जायला पाया तयार होतो. सरकारविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर दोन महिन्यांची आगाऊ नोटीस लागते, आणि एकट्या टायरसाठी कोण दावा करणार? शंभर टायरांसाठी करता येतो.

उपजीविकेचे वाहन आधी, खासगी मोटार नंतर, असा क्रम मी मुद्दाम मागते आहे. मोटारवाल्या मित्रांना तो रुचणार नाही. त्यांच्याही चाकाचे नुकसान खरेच आहे, आणि त्यांनी आपल्याबरोबर अर्ज द्यावेत, त्यांचे स्वागत आहे. पण ज्याची चूल त्या चाकावर फिरते त्याचा अर्ज वर राहील.

या महिन्यापासून दर रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही असे अर्ज लिहून देतो आहोत. रिक्षा, जीप, टेम्पो, दुचाकी, कुणाचेही चालेल, जातीची अट नाही. येताना आरसी, विम्याच्या पॉलिसीची प्रत, खड्ड्याचा फोटो आणि टायरवाल्याचे बिल आणा. छापील बिल नसेल तर दुकानदाराकडून साध्या कागदावर तारीख, गाडीचा नंबर, काय बदलले आणि किती पैसे घेतले एवढे सहीनिशी लिहून आणा. काढून टाकलेले टायर भंगारात विकू नका. फुगा दिसेल असा त्याचा फोटो काढा आणि निदान अर्जाला उत्तर येईपर्यंत ते घराच्या पत्र्यावर टाकून ठेवा.